पॉइंट टू-टूची स्वस्त आणि नेमकी काडतुसं: नवख्यांनी शोधायची कशी

नवी पॉइंट टू-टू (.२२ कॅलिबरची, म्हणजे साधारण .२२ इंच व्यासाच्या नळीची) रायफल हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: काडतुसं कुठली घेऊ? चार जणांना विचारलं की चार नावं मिळतात. चौघंही खरंच बोलत असतात, पण आपापल्या नळीबद्दल. तुमच्या नळीला काय मानवेल हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन रायफलींत एक ज्या काडतुसांवर नाण्याएवढा ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देते, त्याच काडतुसांवर दुसरी कपाच्या तोंडाएवढा पसारा करते. त्यामुळे थोडी थोडी काडतुसं आणायची, नीट चाचणी घ्यायची आणि नळीने जे निवडलं ते मग भरपूर घेऊन ठेवायचं, हाच मार्ग. वेळ लागतो, पण महागडे खोके आंधळेपणाने घेण्यापेक्षा पैसे बरेच वाचतात.

पायरी १: नळीवर काय कोरलंय ते वाचा

हसू नका, इथेच चुका होतात. ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे एकच काडतूस नव्हे. रोजच्या टार्गेटसाठी वापरतात ते .२२ लाँग रायफल, म्हणजे .२२ एलआर. हे १८८७ सालापासून चालत आलेलं आहे. त्याच घराण्यात .२२ शॉर्ट आहे, .२२ मॅग्नम आहे. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) रुंद असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) एलआर काडतूस सैल बसतं, बसल्यावर सगळं ठीक वाटतं, आणि चाप ओढला की पुंगळी फाटू शकते. शॉर्ट काडतूस एलआरच्या चेंबरमधून सुटतं खरं, पण त्याची पुंगळी आखूड असल्याने चेंबरच्या पुढच्या भागात मळाचं कडं जमतं आणि मग एलआर काडतूस नीट बसेनासं होतं. नळीवर कोरलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षर-आकड्यासकट जुळलं पाहिजे. परवान्यावर कुठलं कॅलिबर आणि किती काडतुसं बसतात, हेही खरेदीच्या आधी बघा. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर कुठेच चालत नाही.

पायरी २: तुम्हाला किती नेमकं हवंय ते ठरवा

हे आधी ठरवलं नाही तर ‘स्वस्त’ या शब्दाला अर्थच उरत नाही. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी साधारण ५.६ मिलिमीटरची. त्या वर्तुळासाठी झगडणाऱ्याला मॅच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली काडतुसं लागतात, त्याला स्वस्तात भागवा असं मी सांगणार नाही. पण सुटीच्या दिवशी कागदी टार्गेट, लोखंडी चकत्या, मित्राशी छोटीशी पैज असा बेत असेल तर ५० मीटरवर २५ मिलिमीटरच्या आत पाच गोळ्या बसणं पुरेसं आहे. नवख्याचा स्वतःचा हात सुरुवातीला यापेक्षा जास्तच हलत असतो.

‘एमओए’ हा शब्द सतत कानावर पडेल. तो कोनाचं माप आहे. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, ५० मीटरवर त्याच्या निम्मा. म्हणजे वरचा २५ मिलिमीटरचा ग्रुप पावणेदोन एमओएच्या आसपास झाला. कुणी ‘माझी रायफल एक एमओए मारते’ म्हणाला, की किती गोळ्यांचा ग्रुप आणि असे किती ग्रुप, एवढं विचारून बघा. बहुतेकदा विषय बदलतो.

पायरी ३: खोका वाचायला शिका

खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते बहुतेक जाहिरात असते. कामाच्या गोष्टी बारीक अक्षरात असतात.

वजन: ग्रेनमध्ये देतात. टार्गेटचं नेहमीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. बहुतेक पॉइंट टू-टू नळ्यांच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा १६ इंचांत एक फेरा घेतात आणि तो फेरा या वजनाला जमतो. ६० ग्रेनची लांबट गोळी याच नळीत पुरेशी फिरत नाही. ती टार्गेटपर्यंत आडवी होते आणि कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट चीर पडते.

वेग: इथे जरा थांबू, कारण नवखे नेमके इथे फसतात. खोक्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ दिसलं की जास्त चांगलं असेल असं वाटतं. टार्गेटसाठी बहुधा उलटं असतं. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर आहे. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे पहिल्यापासूनच आवाजाच्या मागे असते. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३७५ ते ३८० ने निघते आणि ५० मीटरच्या आसपास तिचा वेग आवाजाच्या वेगाखाली उतरतो. ती सीमा ओलांडताना गोळीवरचा हवेचा दाब बदलतो, गोळी डगमगते आणि त्यापुढे ग्रुप फाकतो. २५ मीटरवर फरक फारसा दिसत नाही, १०० मीटरवर चांगलाच दिसतो. भर म्हणजे जोरात निघालेली ही गोळी वाटेत वेगही भराभर गमावते, त्यामुळे आडवा वारा तिला हळू गोळीपेक्षा जास्त ढकलतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. वारा असलेल्या दिवशी दोन्ही प्रकार लागोपाठ चालवून बघितले की पटतं.

एक अपवाद आहे. काही सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलींचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, स्टँडर्ड काडतुसांच्या धक्क्याने पुरता मागे जात नाही, रिकामी पुंगळी तोंडातच अडकते. मॅन्युअलमध्ये हाय व्हेलॉसिटी वापरायला सांगितलं असेल तर ते ऐका. बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांना (बोल्ट हाताने मागे ओढणाऱ्यांना) ही अडचण नाही.

गोळीचा प्रकार: टार्गेटसाठी गोल नाकाची साधी शिशाची गोळी. हिच्यावर मेणासारखं वंगण असतं. उन्हाळ्यात खोका उघडला की बोटांना चिकटपणा लागतो तो त्याचाच. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली गोळी हाताला स्वच्छ लागते, पण तेवढ्याने ती जास्त नेमकी होत नाही.

लॉट नंबर: काडतुसं कारखान्यातल्या कुठल्या खेपेत बनली ते सांगणारा, खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मागच्या पट्टीवर छापलेला किंवा ठसा मारलेला आकडा. नवखे याच्याकडे बघतही नाहीत. जुने नेमबाज सगळ्यात आधी हाच बघतात. का, ते पुढे येतंय.

पायरी ४: नमुने आणा

पाच-सहा प्रकारांचे ५० काडतुसांचे एकेक-दोन खोके घ्या, सगळे स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे. निवड तीन थरांतून करा. खालच्या थरात रोजच्या वापराची काडतुसं: सीसीआयचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी हे यातलं ओळखीचं नाव. मधल्या थरात एसकेचं स्टँडर्ड प्लस, ईलीचं क्लब अशी सरावासाठी बनवलेली. वरच्या थरातला एखादाच खोका, लापुआचं सेंटर-एक्स किंवा त्याच तोडीचं काही. हा विकत घेत राहण्यासाठी नाही. आपली रायफल जास्तीत जास्त काय देऊ शकते, हे कळण्यासाठी तो एक खोका लागतो. या मॅच काडतुसांचा ग्रुप आणि सरावाच्या काडतुसांचा ग्रुप यांत तुमच्या हातात फारसा फरक पडत नसेल, तर जादा पैसे कशासाठी मोजायचे?

गंमत अशी की एसके आणि लापुआ या दोन्ही नावांची पॉइंट टू-टू काडतुसं जर्मनीतल्या शोनेबेक इथल्या एकाच कारखान्यात बनतात. मॅच काडतुसांच्या किमतीतला मोठा वाटा चाचणीचा आणि निवडीचा असतो.

मोठ्या डब्यात सुटी भरलेली ‘बल्क’ काडतुसं सगळ्यात स्वस्त दिसतात. त्यातली मूठभर टेबलावर पसरून उजेडात बघा. शिसं नखानेही ओरखडता येतं इतकं मऊ असतं. डब्यात एकमेकांवर आपटून कुणाच्या नाकावर खळगा पडलेला असतो, कुणाची गोळी पुंगळीत किंचित वाकडी बसलेली असते, कुठे वंगणाला पितळाचा कीस चिकटलेला असतो. डबे आणि चकत्या पाडायला ही चालतात. ग्रुपची अपेक्षा मात्र यांच्याकडून ठेवू नका.

पायरी ५: चाचणीचा दिवस

वारा पडलेली सकाळ निवडा. रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, हाताने फक्त चाप ओढायचा. अंतर ५० मीटर. टार्गेटच्या कागदावर सहा-आठ छोटे ठिपके काढा आणि प्रत्येक ठिपक्याखाली काडतुसाचं नाव व लॉट नंबर पेन्सिलने आधीच लिहून ठेवा. नंतर लिहू म्हणाल तर तिसऱ्या कागदानंतर कुठला ग्रुप कशाचा ते आठवणार नाही.

एका काडतुसावरून दुसऱ्यावर गेलात की पहिल्या १०-१५ गोळ्या मोजू नका. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं आणि नळीत आधीच्याचा थर बसलेला असतो. नवा थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात. पाच गोळ्या याच्या, पाच त्याच्या असं आलटून-पालटून मारणारा माणूस खरं तर वंगणांच्या मिश्रणाची चाचणी घेत असतो. त्या १०-१५ गोळ्या वाया गेल्या असं वाटेल, पण त्या कागदाच्या कोपऱ्यात मारा आणि पुढे चला.

मग पाच-पाच गोळ्यांचे चार किंवा पाच ग्रुप. दुर्बिणीचे नेम जुळवायचे स्क्रू अधूनमधून फिरवू नका. ग्रुप ठिपक्याच्या डावीकडे पडला तरी पडू दे, आपण पसारा मोजतोय, जागा नंतर दुरुस्त होते. मोजायचं असं: ग्रुपमधल्या सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका सुट्या भोकाचा व्यास वजा करा. कागदातलं भोक गोळीपेक्षा थोडं लहान दिसतं, म्हणून ५.६ वजा करण्यापेक्षा त्याच कागदावरचं एकटं भोक मोजलेलं बरं. भोकाभोवती शिसं आणि वंगणाची करडी कड उमटते, मोजताना ती धरून चाला.

आता आकड्यांबद्दल एक कटू गोष्ट. तीन गोळ्यांचा ग्रुप जवळपास काहीच सांगत नाही. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच हात असला तरी तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाच गोळ्यांच्या ग्रुपच्या चार-पंचमांशच भरतो आणि दहा गोळ्यांचा पाचाच्या सव्वापट होतो. हा संख्याशास्त्राचा भाग आहे, कौशल्याचा नाही. तीन गोळ्या एकाच भोकात गेलेला कागद लोक पाकिटात घेऊन फिरतात. मीही फिरलोय. नव्याने रायफल घेतली तेव्हा एका काडतुसाने पहिल्याच फटक्यात तीन गोळ्या एकावर एक बसवल्या. मी त्याच आठवड्यात दुकानातून ५०० चा खोका उचलला. लॉट नंबर बघितला नाही, पुन्हा चाचणी घेतली नाही. तो खोका संपेपर्यंत एकही ग्रुप ३० मिलिमीटरच्या आत आला नाही आणि दोन महिने मी स्वतःच्या श्वासाला, चापाला, दुर्बिणीच्या स्क्रूंना दोष देत बसलो.

‘ही एक गोळी माझ्या चुकीने गेली’ म्हणत ती वगळायची सवय लावून घेऊ नका. चाप ओढताक्षणी, कागद बघायच्या आधी, तोंडाने ‘चुकली’ म्हणालात तरच वगळा.

पसाऱ्याचा आकारही वाचता येतो. उभा, खालीवर ताणलेला ग्रुप दिसला तर वेगातल्या फरकाचा संशय घ्या. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर ५० मीटरवर सात-आठ मिलिमीटर आणि १०० मीटरवर तीन सेंटिमीटरच्या आसपास वरखाली होतं. स्वस्त काडतुसं ५० वर बरी वाटतात आणि १०० वर लाज आणतात ती यामुळेच. आडवा ताणलेला ग्रुप बहुधा वाऱ्याचा किंवा तुमच्या बोटाचा. चार एका जागी आणि एक कुठेतरी दूर, असं दर दोन-तीन ग्रुपमध्ये होत असेल तर ती त्या काडतुसाची खोड समजा.

शेवटी प्रत्येक प्रकाराच्या सगळ्या ग्रुपची सरासरी काढा. सगळ्यात छोट्या ग्रुपकडे बघून निवड करायची नाही. सरासरी आणि सगळ्यात वाईट ग्रुप, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. माझ्या लेखी दुसरा आकडा जास्त बोलका असतो.

पायरी ६: लॉट पकडा

निवड झाली की त्याच लॉट नंबरची काडतुसं, परवान्यात आणि खिशात बसतील तितकी, एकदम घ्या. एका लॉटमध्ये पितळ, प्रायमरचं (दारू पेटवणारं) मिश्रण, दारू, शिसं आणि मशीनची मांडणी सारखी राहते. पुढच्या लॉटमध्ये यातलं काहीही किंचित बदलू शकतं आणि तेवढं तुमच्या नळीला पुरतं. नाव तेच, खोक्याचा रंग तोच, किंमत तीच, ग्रुप दीडपट. माझ्या ५०० च्या खोक्याची गोष्ट हीच होती, हे मला पुढे जुना रिकामा खोका सापडला तेव्हा कळलं: दोन्हींवरचे आकडे वेगळे होते.

म्हणून चाचणी आणि मोठी खरेदी यांत फार दिवस जाऊ देऊ नका. दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की या लॉटचे किती खोके शिल्लक आहेत आणि आठवडाभर बाजूला ठेवता येतील का. नीट विचारलं तर बरेच जण ठेवतात.

पायरी ७: खरा दर काढा

खोक्याच्या किमतीत घरपोच आणण्याचा खर्च, कर, जो काही असेल तो मिळवा आणि काडतुसांच्या संख्येने भागा. हा दर गोळीमागचा दर. काही खोक्यांत ५० असतात, काहींत १००, बल्क डब्यांत ३००-५०० असे आडनिडे आकडे असतात, त्यामुळे नुसत्या किमती शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यात न उडणाऱ्या काडतुसांचा हिशेबही धरा. रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत गोल पसरवलेलं असतं. ते एखाद्या जागी नीट पोहोचलं नाही आणि पिन नेमकी तिथेच पडली की नुसतं ‘टक्’ होतं.

असं ‘टक्’ झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, ‘फुस्स’ असा आला तर लगेच थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार दिसतंय का ते बघा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. काडतूस दोन पैशांनी स्वस्त मिळालं या आनंदात हे विसरलं जातं.

काडतुसांची कड जाडीनुसार वेगळी करणं, एकेक काडतूस वजन करून छाटणं, असले उद्योगही लोक करतात. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. तेवढ्या वेळात कोरडा (काडतूस न घालता नुसता चाप ओढण्याचा) सराव केला असता तर ग्रुप जास्त सुधारला असता. त्यातही एक काळजी: रिमफायर रायफल रिकामी ठेवून चाप ओढत बसलात तर काही मॉडेलमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून खूण पाडते. प्लास्टिकची खोटी काडतुसं मिळतात, ती घाला.

मोठ्या कॅलिबरकडे वळणार असाल तर

पुंगळीच्या बुडाशी मधोमध प्रायमर असलेल्या सेंटरफायर काडतुसांना, म्हणजे .२२३ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर वगैरेंना चाचणीची हीच पद्धत लागू पडते. दर गोळीमागे खर्च मात्र कितीतरी जास्त, म्हणून आधी पॉइंट टू-टूवर हात बसवावा असं माझं मत. इथे नळीच्या खाचांचा फेरा जास्त महत्त्वाचा होतो: .२२३ मध्ये १२ इंचांत एक फेरा असलेली नळी ५५ ग्रेनची गोळी सांभाळते, ७७ ग्रेनची नाही. ७ इंची फेऱ्याला ती जड गोळी छान मानवते. ५.५६ शिक्का असलेली लष्करी धाटणीची काडतुसं .२२३ कोरलेल्या नळीत घालू नका. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण चेंबरची पुढची मापं वेगळी असल्याने दाब वाढू शकतो.

स्वस्त काडतुसांत पूर्ण आवरणाची, म्हणजे एफएमजे गोळी असते. तिचं आवरण नाकाकडून चढवलेलं असतं आणि बुडाशी शिसं उघडं राहतं. नळीच्या तोंडातून सुटताना शेवटचा स्पर्श बुडाचा होतो, आणि तेच बूड असं ओबडधोबड. टार्गेटच्या मॅच गोळ्यांत आवरण बुडाकडून चढवतात, उघडं छिद्र नाकावर राहतं. दिसायला ते अपुरं काम वाटतं, नेम मात्र त्यानेच सुधारतो.

जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं स्वस्त मिळाली तर आधी दोन गोष्टी तपासा. गोळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आवरणात किंवा गाभ्यात पोलाद आहे आणि बऱ्याच रेंजवर ती चालत नाहीत. दुसरं, जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो निघत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मग तेल. अनोळखी माणसाने घरी भरलेली काडतुसं तर फुकट दिली तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर

काडतुसं मूळ खोक्यातच, कोरड्या, थंड जागी, कुलूपबंद ठेवा. दोन लॉट एका डब्यात ओतू नका, नाहीतर केलेली सगळी चाचणी पाण्यात. थंडीत त्याच लॉटचा ग्रुप थोडा खाली आणि थोडा मोठा आला तर घाबरू नका. वंगण घट्ट होतं, वेग उतरतो. रेंजवरून आल्यावर काही खायच्या आधी हात साबण लावून थंड पाण्याने धुवा, शिशाची भुकटी बोटांवर असते.

आणि चांगल्या निघालेल्या लॉटचे शेवटचे दोन खोके उरले की तिथे थांबा. ते खोके वेगळे ठेवा, नवे नमुने आणा आणि जुन्यातल्या काडतुसांसह सगळे एकाच सकाळी, त्याच वाळूच्या पिशव्यांवरून चालवा. नव्या कागदावरचा पसारा वाढलेला दिसला तर दोष नव्या लॉटचा, नळीचा की तुमचा, हे जुन्या काडतुसांचा कागद शेजारी असेल तरच ओळखता येतं.